उपवासाच्या दिवशीची बिको

मनिलाच्या तुतुबान स्थानकातून सुटलेली गाडी तुम्हाला दुपारी सान पाब्लोत उतरवते. तारीख २४ डिसेंबर १९३५. लागुना प्रांतातलं हे गाव सात तळ्यांचं आणि मोजता न येणाऱ्या माडांचं. सोडणांच्या विस्तवावर खोबरं वाळवणाऱ्या भट्ट्यांचा धूर स्थानकापर्यंत येतो. खिडक्याखिडक्यांत बांबूच्या कामट्यांचे आणि रंगीत कागदाचे तारे टांगले आहेत. आज रात्री नाताळ.

वाटेत माणसं दोनच गोष्टी बोलतात. पहिली अभिमानाची: मानुएल केसोन यांनी फिलिपिन्सच्या राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली त्याला अजून सहा आठवडेही झालेले नाहीत, आणि दहा वर्षांनी अमेरिका पूर्ण स्वातंत्र्य देणार आहे. दुसरी काळजीची: त्याच अमेरिकेने गेल्या वर्षी इथल्या खोबरेल तेलावर पौंडामागे ३ सेंटचा कर बसवला. ज्या गावाचं पोट खोबऱ्यावर चालतं, तिथे ही साधी बातमी नाही.

माडांतल्या एका घरी तुम्ही पोचता. लाकडी खांबांवर उचललेलं, निपाच्या झापांनी शाकारलेलं घर. लोला, म्हणजे या घरची आजी, जिन्यापाशी उभी आहे. तुम्ही वाकून तिचा हात आपल्या कपाळाला टेकवता. ती तुम्हाला ‘आपो’ म्हणते, नातवंडाला म्हणतात तसं, आणि लगेच बिकोच्या, म्हणजे चिकट तांदूळ, नारळ आणि गुळाच्या गोड पदार्थाच्या, कामाला लावते.

काम खवणीपासून सुरू होतं. बुटक्या लाकडी घोडीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचं, पुढच्या दातेरी पात्यावर नारळाची वाटी फिरवायची. करवंटीचा तपकिरी कीस खाली पडला तर लोलाची भुवई चढते, म्हणून हात हलका ठेवा. खवलेल्या चवात थोडंच कोमट पाणी घालून ती तो मळते आणि पिठाच्या धुतलेल्या पोत्याच्या कापडातून पिळते. हा पहिला, जाड रस. याला इथे ‘काकांग गाता’ म्हणतात आणि तो झाकून बाजूला ठेवतात. त्याच चवावर पुन्हा पाणी घालून दुसरा, पातळ रस निघतो. चारशेहून जास्त वर्षांपूर्वी, १५२१ साली, मॅगेलनच्या जहाजांबरोबर या बेटांवर आलेल्या आंतोनियो पिगाफेत्तानेही हीच रीत लिहून ठेवली आहे: खोबरं खवायचं, पाण्यात कालवायचं, कापडातून गाळायचं.

सकाळपासून भिजलेला मलागकित तांदूळ आता चुलीवर चढतो. हा चिकट तांदूळ. साध्या तांदळात ॲमायलोज नावाचा स्टार्च असतो, त्यामुळे भाताची शितं मोकळी राहतात. मलागकितमध्ये तो जवळजवळ नसतोच, म्हणून शितं एकमेकांना धरतात. पातळ रसात भात शिजतो, पण पुरा नाही. मध्ये किंचित कणी राहिली पाहिजे, कारण त्याला अजून पाकात शिजायचं आहे.

शेजारच्या चुलीवर लोखंडी कढई. तिच्यात जाड रसाचा अर्धा भाग पडतो आणि लोला तुमच्या हातात करवंटीची पळी देते. “ढवळत राहा, आपो. घाई नको.” आधी रस उकळतो, मग दाटतो. पाणी उडून गेलं की फुटतो: वर स्वच्छ तेल, खाली पांढरे कण. इथून पुढे नजर हटवायची नाही. कण पिवळे, मग सोनेरी, मग बदामी. लोला जाळ ओढते, कण गाळून घेते. हे ‘लातिक’. तेल ती वेगळं ठेवते.

राहिलेला जाड रस, गूळ आणि चिमूटभर मीठ कढईत जातं. हा उसाचा गूळ आहे, गोल ढेपांचा. पाक पळीच्या पाठीवर जाडसर बसू लागला की त्यात भात घालायचा. आता खरा व्यायाम. मिश्रण घट्ट होतं, मनगट दुखतं, शेजारची बाई न सांगता पळी घेते, तिच्याकडून तिचा मुलगा. मोठी कढई एकटीने उरकायची नसते, हे या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

या सगळ्यात लोलाने एकदाही चव पाहिलेली नाही. नाताळच्या आदल्या दिवसाचा उपवास आहे, तो मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर सुटेल. नैवेद्याआधी जिभेला न लावता पुरण बेतणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. लोला डोळ्यांनी चव घेते: मिश्रण कढईच्या कडा सोडून एक गोळा झालं, पळी उभी राहिली, झालं. विस्तवावर शेकून मऊ केलेलं केळीचं पान बिलाओत, म्हणजे बांबूच्या गोल सुपात, अंथरलं जातं. त्याला तेच ताजं तेल. वर बिको थापायची, वरून लातिक पसरायचं.

आता चुलीकडे बघा. जळताहेत त्या करवंट्या आणि सोडणं. पळी करवंटीची. रस, तेल, वरचं लातिक, सगळं त्याच फळाचं. बाजारात या नारळाचा भाव दूर वॉशिंग्टनमध्ये ठरतो. या स्वयंपाकघरात तो लोला ठरवते. मला बिको थोर वाटते ती यासाठी. तीन जिनसांत, विकत जवळजवळ काही न आणता, मंदीच्या वर्षातही एका घराचा सण उभा राहतो आणि शेजाऱ्यांना ताटभर जातो.

मध्यरात्रीनंतर, मिस्सेहून परतल्यावर, पहिला तुकडा तुमच्या हातात येईल. तो खा आणि मग परत या, कारण हे सगळं तुमच्या ओट्यावर होण्यासारखं आहे. दोन वाट्या चिकट तांदूळ घ्या; आसामचा बोरा चालेल, मणिपूरचा काळा चाक-हाव घेतलात तर शिजायला जास्त वेळ द्या. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर मऊ होईल, पण हा चिवटपणा येणार नाही. दोन मोठे नारळ, दीड वाटी चिरलेला गूळ, मीठ. डब्यातला रस वापरायचा तर पाणी आणि घट्टपणा आणणारे पदार्थ न मिसळलेला बघून घ्या, नाहीतर तेल सुटत नाही आणि लातिक होत नाही. एवढं जमलं की बाकी काम मंद आचेचं आणि न थांबणाऱ्या हाताचं. ढवळायला घरातल्या सगळ्यांना बोलवा, आणि पहिलं ताट शेजारी पाठवा.