क्लाउड गेमिंग म्हणजे काय? वेवजीत बसून साध्या फोनवर मोठे गेम खेळता येतील का?

पश्चिम रेल्वेची लोकल डहाणू रोडला संपते. तिथून पुढे घोलवड, बोर्डी रोड आणि मग गुजरातमधलं उंबरगाव रोड. या स्थानकाच्या अगदी जवळ, पण महाराष्ट्राच्या हद्दीत, तलासरी तालुक्यातलं वेवजी आहे.

समजा, या गावातला एक तरुण उंबरगावच्या जीआयडीसीत शिफ्ट करून रात्री घरी आला. हातात बारा-पंधरा हजारांचा फोन आहे. रील्समध्ये लोक जे भारी ग्राफिक्सचे गेम खेळताना दिसतात, ते त्यालाही खेळायचे आहेत. पण डिस्कवाल्या प्लेस्टेशन ५ ची किंमत नोव्हेंबर २०२२ मध्येच ५४,९९० रुपये झाली होती. चांगला गेमिंग पीसी त्याहून महाग. मग त्याला जाहिरात दिसते: ‘कन्सोल नको, पीसी नको, डाउनलोड नको. फक्त इंटरनेट हवं.’

हे क्लाउड गेमिंग. जाहिरात खोटी नाही. पण त्या शेवटच्या तीन शब्दांत बरंच काही दडलेलं आहे.

नेमकं काय होतं?

नेहमीच्या गेममध्ये सगळं काम तुमचा फोन किंवा पीसी करतो. क्लाउड गेमिंगमध्ये गेम दूरच्या डेटा सेंटरमधल्या ताकदवान कॉम्प्युटरवर चालतो. तुमच्या स्क्रीनवर येतो तो फक्त त्याचा लाइव्ह व्हिडिओ. तुम्ही बटण दाबलं की तो इशारा डेटा सेंटरला जातो, तिथे गेममधला हिरो उडी मारतो, त्या उडीचं चित्र दाबून छोटं केलं जातं, इंटरनेटवरून परत येतं, फोन ते उलगडतो आणि मग तुम्हाला उडी दिसते.

सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राच्या वाट्याला साधारण १६.७ मिलीसेकंद येतात. म्हणजे हा सगळा खटाटोप सेकंदाला ६० वेळा करायचा.

यूट्यूब चालतं, मग हे का अडतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि खरी गोम इथेच आहे. यूट्यूबचा व्हिडिओ आधीच तयार असतो. तुम्ही पाहत असता तेव्हा पुढचा काही सेकंदांचा भाग फोनने आधीच उतरवून ठेवलेला असतो. मध्ये नेट दोन सेकंद गेलं तरी तुम्हाला कळतही नाही.

गेममध्ये पुढचं चित्र अजून जन्मालाच आलेलं नसतं. तुम्ही डावीकडे वळणार की उजवीकडे, हे तुम्हीच ठरवणार. त्यामुळे साठवून ठेवायला काही नाही. नेट अर्धा सेकंद अडखळलं तर गेमही अर्धा सेकंद अडखळतो, आणि तेवढ्यात तुम्ही मेलेले असता.

दुसरा फरक पैशांचा. एकच सिनेमा लाखो लोकांना त्याच फाइलमधून दाखवता येतो. गेममध्ये प्रत्येक खेळाडूला त्या वेळेपुरता महागड्या ग्राफिक्स चिपचा स्वतंत्र वाटा द्यावा लागतो. म्हणूनच या सेवांमध्ये रांग लागते, वेळेची मर्यादा येते आणि फुकट प्लॅन लवकर आखडते होतात.

वेवजी मुंबईपासून लांब आहे, म्हणून लॅग येईल का?

नाही. वेवजी ते मुंबई अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जाऊन-येऊन जेमतेम दीड मिलीसेकंद. देशातली बरीच डेटा सेंटर्स मुंबई-नवी मुंबईत आहेत. हिशेब फक्त अंतराचा असता, तर पालघर जिल्हा क्लाउड गेमिंगसाठी देशातल्या उत्तम जागांपैकी एक ठरला असता.

सर्व्हर सिंगापूरला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. मुंबईपासून तिथलं सरळ अंतरच जवळपास चार हजार किलोमीटर, म्हणजे फक्त प्रवासातच जाऊन-येऊन चाळीसेक मिलीसेकंद गेले. त्यामुळे कोणतीही सेवा घेण्याआधी ‘तुमचा सर्व्हर भारतात आहे का?’ हा पहिला प्रश्न.

वेवजीसारख्या गावात अडचण येते ती शेवटच्या दोन-चार किलोमीटरमध्ये. घरापर्यंत फायबर नसेल तर सगळा भार मोबाइल टॉवरवर येतो. एका टॉवरवर संध्याकाळी आठनंतर सगळं गाव रील्स पाहत असतं. त्यात हे सीमेवरचं गाव. अशा ठिकाणी फोन कधी महाराष्ट्रातल्या तर कधी गुजरातमधल्या टॉवरला लागतो. बोलताना ते फारसं जाणवत नाही, पण गेममध्ये टॉवर बदलतानाचा छोटा झटकाही दिसतो. आणि वीज गेली की घरचा वायफाय राउटर बंद, गेमही बंद. पावसाळ्यात हे किती वेळा होतं, ते तिथल्या लोकांना सांगायला नको.

स्पीड टेस्टमध्ये सगळे एमबीपीएसचा मोठा आकडा बघतात. गेमसाठी त्याखालचा ‘पिंग’ महत्त्वाचा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो स्थिर आहे की नाही. कायम ५० मिलीसेकंद असेल तर हात त्याला सरावतो. एकदा २० आणि एकदा १५० असेल तर कुणाचाच हात सरावत नाही. एनव्हिडियाच्या ‘जीफोर्स नाऊ’ सेवेची अट ८० मिलीसेकंदांच्या आतली आहे आणि शिफारस ४० च्या आतली.

थोडा उशीर चालतो की नाही, हे गेमवरही अवलंबून असतं. बुद्धिबळ, शेतीचे गेम, गोष्ट सांगणारे गेम यांत ८० मिलीसेकंदांनी काही बिघडत नाही. क्रिकेटचं बघा. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू बॅट्समनपर्यंत यायला साधारण अर्धा सेकंद लागतो. त्यातला दहावा भाग नेटने खाल्ला तर ड्राइव्हची कड लागते. शूटिंग आणि फायटिंगच्या गेममध्ये तर विचारूच नका.

डेटाचा हिशेब

जाहिरातीत न सांगितला जाणारा भाग हा. जीफोर्स नाऊला ७२०पी दर्जासाठी १५ एमबीपीएस आणि १०८०पीसाठी २५ एमबीपीएस नेट लागतं. १५ एमबीपीएस पूर्ण वापरलं तर तासाला पावणेसात जीबी उडतात. २५ ला सव्वाअकरा जीबी.

आता दिवसाला २ जीबीचा प्रीपेड पॅक घ्या. १५ एमबीपीएसने तो जवळपास १८ मिनिटांत संपतो. दीड जीबीचा असेल तर तेराच मिनिटं. जिओ आणि एअरटेल ठरावीक प्लॅनवर अनलिमिटेड ५जी देतात, तिथे ही चिंता कमी. पण त्यासाठी फोन ५जी हवा, प्लॅन त्यातला हवा आणि घरात बसल्यावर ५जी सिग्नल हवा. सिग्नल ४जीवर घसरला की पुन्हा रोजच्या जीबीचं मीटर सुरू.

एक तुलना उपयोगी पडेल. आजचे मोठे गेम १०० जीबीच्या घरात जातात. एवढा डेटा ७२०पी स्ट्रीमिंगमध्ये साधारण १५ तासांत खर्च होतो. म्हणजे गेम दोन-चार तास चाखून बघायचा असेल तर क्लाउड स्वस्त. तोच गेम महिनोन्‌महिने खेळायचा असेल तर एकदाच डाउनलोड केलेला बरा, अर्थात तो चालवणारं यंत्र घरात असेल तर. आणि गाडं नेमकं तिथेच अडतं.

भारतात काय उपलब्ध आहे?

जिओने ‘जिओगेम्स क्लाउड’ आणलं, ते फोनवर, ब्राउझरमध्ये आणि सेट-टॉप बॉक्सवर चालतं. व्होडाफोन आयडियाने मार्च २०२४ मध्ये फ्रान्सच्या केअरगेम कंपनीबरोबर ‘क्लाउड प्ले’ सुरू केलं, त्यात मोबाइल गेमच स्ट्रीम होतात. एनव्हिडियाने जानेवारी २०२५ मध्ये जीफोर्स नाऊ भारतात आणण्याची घोषणा केली. मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात आलं. इतर देशांत ते सप्टेंबर २०२० पासून होतं, म्हणजे आपल्याला पाच वर्षं थांबावं लागलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याशी याची गल्लत अनेक जण करतात. तो कायदा पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घालतो. क्लाउड गेमिंग हा गेम चालवण्याचा एक मार्ग आहे, त्यात पैसे लावायचा संबंध नाही.

सेवा बंद पडली तर गेम कुणाचा?

अमेरिकेतल्या ‘ऑनलाइव्ह’ने २०१० मध्ये ही कल्पना विकायला सुरुवात केली. ३० एप्रिल २०१५ रोजी ती सेवा बंद झाली आणि तिची पेटंट्स सोनीने घेतली. नंतर गूगलने १९ नोव्हेंबर २०१९ रोजी ‘स्टेडिया’ सुरू केलं. तंत्रज्ञान उत्तम होतं, खुद्द गूगलचे डेटा सेंटर पाठीशी होते. तरीही १८ जानेवारी २०२३ रोजी ते बंद झालं. भारतात ते कधी आलंच नाही. गूगलने लोकांनी घेतलेल्या गेमचे पैसे परत केले हे खरं, पण अनेकांनी तासन्‌तास खेळून मिळवलेली प्रगती तिथेच राहिली.

एखादी कंपनी काही गेम विकत घ्यायला लावते, एखादी महिन्याला वर्गणी घेते. वर्गणीत गेम तुमचा कधीच नसतो आणि यादीतून काही गेम अधूनमधून काढलेही जातात. जीफोर्स नाऊचा मार्ग वेगळा आहे: गेम तुम्ही स्टीमसारख्या दुकानातून घ्यायचा, ते फक्त यंत्र भाड्याने देतात. सेवा बंद झाली तरी गेम तुमच्या स्टीम खात्यात राहतो.

पैसे भरण्याआधी काय तपासायचं?

जिथे बसून खेळणार, त्याच खोलीत, त्याच वेळी, म्हणजे रात्री आठ-नऊला, पिंग पाच-सहा वेळा मोजा. सकाळी अंगणात मोजलेला आकडा कामाचा नाही. घरी फायबर असेल तर राउटरच्या ५ गीगाहर्ट्झ वायफायला जोडा, लॅपटॉप असेल तर सरळ केबल लावा. शक्य असेल तिथे आधी फुकट ट्रायल किंवा एका महिन्याचाच प्लॅन घ्या, वर्षाचा नको. आणि स्वस्तातलं ब्लूटूथ कंट्रोलर वापरणार असाल तर लक्षात ठेवा, तेही स्वतःचे काही मिलीसेकंद घेतं.

वेवजीच्या त्या तरुणाकडे ५जी फोन आणि घरात टिकणारा सिग्नल असेल, तर गोष्टीचे गेम आणि सावकाश खेळायचे गेम त्याला आजही त्या पंधरा हजारांच्या फोनवर खेळता येतील. ४जीवर दोन जीबीच्या पॅकमध्ये मात्र गेमचा पहिला सीन संपेपर्यंत ‘तुमचा आजचा डेटा संपला आहे’ असा मेसेज येईल.