भाकितांचा जमाखर्च

भविष्यावर अविश्वास दाखवणारा प्रत्येक जण बुद्धिवादीच असतो, अशी एक भाबडी समजूत आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांतील इंग्लंडकडे पाहिले म्हणजे ती टिकत नाही.

१५४९ साली पूर्व इंग्लंडातील नॉरिच शहराजवळ रॉबर्ट केट ह्याच्या पुढारीपणाखाली हजारो शेतकरी उठले. जमीनदारांनी कुंपणे घालून गावची गायराने बळकावली, हे त्यांचे मोठे गाऱ्हाणे होते. माऊसहोल्डच्या उंच माळावर सुमारे सहा आठवडे त्यांचा तळ होता. पुढे रसद तुटली आणि जागा बदलणे भाग पडले. तेव्हा छावणीत एक भविष्य फिरत होते, की खेडूत लोक आपल्या सोट्यांनी डसिनडेलची भूमी प्रेतांनी भरून टाकतील. प्रेते कोणाची, हे त्यात नव्हते. ती शत्रूचीच, असे मानून बंडवाले तेथे उतरले, असे त्या काळचे वृत्तांत सांगतात. २७ ऑगस्ट रोजी वॉरिकच्या अर्लने घोडदळ आणि भाडोत्री जर्मन शिपाई घेऊन त्यांची कत्तल केली. डिसेंबरात केट फासावर गेला.

लगेच पार्लमेंटाने अशी भविष्ये पसरवणे गुन्हा ठरवले. १५६३ साली एलिझाबेथ राणीच्या अमदानीत तो कायदा पुन्हा झाला. पहिल्या गुन्ह्यास एक वर्ष कैद आणि १० पौंड दंड. ह्यात बुद्धिवाद थोडा आणि धास्ती फार. भविष्य खोटे असते ह्यापेक्षा, ते ऐकून माणसे उठतात, हेच सत्तेला खुपत होते.

१५८३ साली शनी-गुरूची युती झाली. रिचर्ड हार्वे ह्याने त्यावरून २८ एप्रिलला मोठा उत्पात वर्तवला. काहीच घडले नाही. लोकांनी टर उडवली. त्याच वर्षी हेन्री हॉवर्ड ह्या सरदाराने भविष्यांविरुद्ध भला मोठा ग्रंथ छापला. तरी ज्योतिष्यांच्या वार्षिक पुस्तिका खपतच राहिल्या.

असे का व्हावे? फ्रान्सिस बेकन ह्याने १६२५ च्या आपल्या निबंधसंग्रहात मर्म सांगितले. भाकीत लागले की माणसे ध्यानात ठेवतात. चुकले की विसरतात. म्हणजे जमा लिहायची आणि खर्च लिहायचाच नाही! अशा वहीत तोटा दिसणार कसा?

२९ मार्च १६५२ च्या सूर्यग्रहणाआधी विल्यम लिली वगैरे ज्योतिष्यांनी भीती पसरवली होती. त्या दिवशी बहुतेक लोक कामाला गेले नाहीत, घराबाहेरही पडले नाहीत, असे जॉन एव्हलिनची रोजनिशी सांगते. ग्रहण सुटले, जग होते तसेच राहिले. हातावर पोट असणाऱ्यांचा रोज मात्र बुडाला.

कामगारांत वावरणाऱ्या आम्हांला ह्या इतिहासातून एवढेच घ्यावेसे वाटते. केटच्या माणसांची मागणी रास्त होती. तिला भविष्याच्या आधाराची गरज नव्हती. आणि कायद्याने तोंडे बंद करून लोक शहाणे होत नाहीत. चुकलेल्या भाकितांचीही नोंद ठेवायची सवय त्यांना लागली पाहिजे. मग ते भाकीत ज्योतिष्याचे असो, मालकाचे असो, नाही तर आमच्यासारख्या पुढाऱ्याचे असो.