हेब्बाळ : तलाव आणि राजकालुव्यांचा परिसर

बंगळुरूच्या उत्तरेकडील हेब्बाळ आज उड्डाणपुलामुळे परिचित असले, तरी त्याची खरी ओळख पाण्याशी निगडित आहे. शहरास बारमाही नदी नसल्याने तलाव ‘राजकालुवे’ नामक कालव्यांनी परस्परांस जोडण्यात आले. हेब्बाळचे जादा पाणी नागवार तलावामार्गे दक्षिण पिनाकिनीकडे जाते. हा तलाव १५३७ साली केंपेगौडांनी बांधल्याचे सांगितले जाते. वस्ती मात्र त्याहून कितीतरी प्राचीन. २०१८ मध्ये येथे आढळलेला, सुमारे इ.स. ७५० चा शिलालेख गंग राजा श्रीपुरुषाच्या काळात लढताना धारातीर्थी पडलेल्या कित्तय्याचे स्मरण करतो. १६३८ नंतर बंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आले. अतिक्रमणांनी कालवे अरुंद झाल्याने मुसळधार पावसात परिसर जलमय होतो. याच खोऱ्यातील प्रक्रिया केलेले सांडपाणी चिक्कबळ्ळापूरच्या कोरड्या तलावांत सोडले जाते.