मालक परदेशात, ताबा कागदावर

तत्त्वज्ञानाचा मास्तर आज भाडेकरारावर बोलणार म्हटल्यावर समोरच्या दोन-चार भुवया वर गेल्या, त्या मला इथून दिसल्या. पण विषय आमच्याच प्रांतातला आहे. ‘माझं’ म्हणजे काय, हा तो विषय.

माझी मुलगी कॅनडात असते. तिचा पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिलाय आणि कुलमुखत्यार मी. मध्यंतरी एजंट लॅपटॉप आणि बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र घेऊन घरी आला. करारात वाक्य होतं, ‘जागेचा कायदेशीर ताबा मालकाकडेच राहील.’ मी थबकलो. मालकीण सातासमुद्रापार, किल्ली त्या जोडप्याच्या खिशात, अंथरूण-पांघरूण त्यांचं. मग ताबा हिचा कसा?

कांटने 1797 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कायदाविषयक ग्रंथात नेमका हाच प्रश्न घेतलाय. हातात धरलेलं सफरचंद माझं आहे, यात विशेष काही नाही. ते खाली ठेवून मी निघून गेलो आणि तरीही ते माझं राहिलं, तर ती खरी मालकी. तो पुढे असंही म्हणतो, की अशी मालकी पक्की होते ती कायद्याचं राज्य असेल तिथेच. तोवर ती तात्पुरती. परदेशी राहणारा घरमालक हे याचं अगदी शुद्ध उदाहरण. त्याच्या हातात कागदाशिवाय काहीच नसतं.

आता या कागदाचा इतिहास बघू. 1882 साली दोन कायदे झाले. मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात ‘भाडेपट्टा’ आला. त्यात जागेतला हक्क भाडेकरूकडे जातो. सुविधाधिकाराच्या कायद्यात ‘लायसन्स’ आलं, म्हणजे नुसती वापरायची परवानगी. तिच्यात जागेवर हक्क तयार होत नाही. त्या वेळी हा फरक वकिलांपुरताच होता.

मग पहिलं महायुद्ध आलं, मुंबईत जागा मिळेना, आणि 1918 मध्ये भाड्यावर नियंत्रण आलं. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने तर बहुतेक जुन्या घरांचं भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधून टाकलं. नियमित भाडं भरणाऱ्याला घराबाहेर काढणं महाकठीण झालं. हेतू चांगलाच होता. गिरणगावातल्या माणसाला डोक्यावर छप्पर हवं होतं. पण मालकांनी पळवाट शोधली. ‘भाडेकरू’ हा शब्दच टाळायचा आणि करार करायचा लिव्ह अँड लायसन्सचा. माणूस तोच, खोली तीच, फक्त नाव बदललं.

सरकारच्या हे लक्षात आलं. 1973 च्या दुरुस्तीने ठरलं, की 1 फेब्रुवारी 1973 रोजी जो चालू लायसन्सवर जागेत राहत असेल, तो भाडेकरू समजला जाईल. खेडोपाडी 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनाने कुळांसाठी जे केलं, त्याचीच ही शहरी आवृत्ती म्हणा ना. कसेल त्याची जमीन, राहील त्याचं घर!

इथे मला एक कबुली द्यायची आहे. त्या तारखेने माझ्या मामांना पार्ल्यात घर मिळालं. मालक नोकरीसाठी आफ्रिकेत होते. काही वर्षांनी परतले, तेव्हा मामींनी त्यांना चहा दिला. त्यांच्याच घरात, पाहुणा म्हणून! आम्हाला तेव्हा आनंदच झाला होता. त्यांचा चेहरा मात्र मला आज आठवतो, स्वतः कुलमुखत्यार झाल्यावर.

असे किस्से घरोघरी पोचले आणि लोकांनी रिकाम्या घरांना कुलपं लावली. परदेशी गेलेल्या मुलांना आईवडील बजावत, ‘धूळ खाऊ दे, पण कुणाला देऊ नकोस.’ म्हणजे जो कायदा निवारा देण्यासाठी केला, त्याच्याच धाकाने घरं बंद पडली.

1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गोठवलेल्या भाड्याची तरतूद काळाच्या ओघात अवाजवी ठरली आहे. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 आला. तो 31 मार्च 2000 पासून लागू आहे. आता लायसन्सची मुदत संपल्यावर मालकाला दिवाणी कोर्टात वर्षं घालवावी लागत नाहीत, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुदतीनंतर जागा अडवली तर दुप्पट दराने भरपाई. आणि लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा.

मात्र करार नोंदवलाच पाहिजे, अकरा महिन्यांचा असला तरी. ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावं आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करावं. मालक अनिवासी असेल तर भाड्यातून कर कापून भरणं राहणाऱ्यावर बंधनकारक असतं. हे त्याला आधी सांगा. पुष्कळांना नोटीस आल्यावरच कळतं.

म्हणजे कांटचं म्हणणं पटलं. घर दुरून ‘माझं’ राहतं, ते कायदा पाठीशी असतो म्हणून. पण दुसरी बाजू? त्या जोडप्याची मुलगी यंदा शाळेत जाईल. सही करताना तिच्या आईने मला विचारलं, ‘सर, अकरा महिन्यांनी काय?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री मुलीशी फोनवर बोललो आणि छत्तीस महिन्यांचा करार केला. कायदा त्याला आड येत नाही. आड येत होती ती 1973 ची भीती, आणि ती आता आपणच सोडायला हवी.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.