शेंग्याचा खड्डा

आमच्या घरामागे दहा बाय पंधरा फुटांची जागा आहे. तिला बाग म्हणायचं ते आजीमुळे. गेल्या वर्षी आजी गेली. माझी रक्षा नदीत सोडू नका, असं तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणून बाबांनी बागेत खड्डा घेतला, त्यात रक्षा घातली आणि वर सोनचाफ्याचं रोप लावलं.

आठ दिवसांनी सकाळी दार उघडून पाहते तर रोप आडवं पडलेलं, मुळं उघडी, आणि खड्ड्यातून फक्त एक शेपूट बाहेर दिसत होतं. शेपूट शेंग्याचं. शेंग्या आमचा डॅशहुंड. लांबुडका, भुईमुगाच्या शेंगेच्या रंगाचा, म्हणून हे नाव. मी त्याला बखोटीला धरून बाहेर काढलं, घरात आणलं, रोप पुन्हा लावलं. मग वर्तमानपत्राची सुरळी करून त्याच्या पाठीत दोन ठेवून दिल्या.

बाबा दिवसभर बोलले नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "याच्यासाठी दुसरं घर बघ."

आत्याचा फोन आला. ती म्हणाली, "अगं, तो तिला शोधतोय." हे ऐकून सगळ्यांनाच जरा बरं वाटलं, पण बाबांचं मत बदललं नाही. मी महिनाभराची मुदत मागून घेतली आणि घर बघायचं सोडून वाचत बसले. कुत्रा माती का उकरतो, एवढाच प्रश्न होता. उत्तर पार चौदा हजार वर्षं मागे घेऊन गेलं.

सुरुवात नावापासूनच झाली. जर्मनमध्ये 'डाक्स' म्हणजे बॅजर आणि 'हुंड' म्हणजे कुत्रा. बॅजर जमिनीखाली लांबलचक बिळं करून राहतो. त्याच्या नख्या आणि दात दोन्ही भारी. त्याला बाहेर काढायचं तर बिळात शिरेल असा कुत्रा हवा. शिकाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अशीच कुत्री निवडली. पाय आखूड, कारण बीळ अरुंद. पंजे रुंद, कारण माती मागे लोटायची. छाती खोल आणि आवाज मोठा, कारण कुत्रा आत कुठे भुंकतोय ते वर उभ्या असलेल्या माणसाला ऐकू यायला हवं. तिथेच तो फावडं चालवणार. या आखूड पायांमागे एका जनुकाची, एफजीएफ-४ची, जादा प्रत आहे, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी २००९मध्ये दाखवून दिलं.

पण मला खरा धक्का बसला तो पुढच्या गोष्टीचा. अंधाऱ्या बिळात मालकाचा हुकूम पोचत नाही. पुढे जायचं की मागे फिरायचं, हे कुत्र्यानं स्वतः ठरवायचं. म्हणजे ज्याला आम्ही 'ऐकतच नाही मेला' म्हणतो, तो हट्ट माणसानंच निवडून निवडून वाढवलेला आहे.

इंग्रजांकडे हेच काम टेरियर करायचे. त्या नावाच्या मुळाशी लॅटिन 'टेरा' आहे, म्हणजे माती. केंब्रिजच्या जॉन कायस नावाच्या वैद्यानं १५७०मध्ये इंग्लंडमधल्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिलं. कोल्हा आणि बॅजर यांच्या मागे जमिनीत शिरणारी ही कुत्री त्यात आहेत.

पुढे डॅशहुंड बिळातून दिवाणखान्यात आला. १८८१मध्ये इंग्लंडात त्याचा क्लब निघाला. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकचं शुभचिन्ह होता 'वाल्डी', रंगीबेरंगी पट्ट्यांचा डॅशहुंड. बॅजर गेला, बीळ गेलं, नोकरीही गेली; हत्यारं मात्र अंगालाच जोडलेली राहिली. ती घेऊन शेंग्या पुण्यातल्या एका बैठ्या घरात दिवसाचे नऊ तास एकटा बसतो. खणेल नाही तर काय करेल?

तरीही त्याच जागी का? मी बाबांना विचारलं, रोप लावताना खड्ड्यात काय काय घातलं होतं? शेणखत, नीमपेंड आणि नर्सरीवाल्यानं दिलेला हाडांचा चुरा, चांगला दोन मुठी. आत्याचं म्हणणं सुंदर होतं, पण हाडांचा चुरा जास्त पटण्यासारखा होता. आपल्याला ओल्या मातीशिवाय कसलाही वास येत नव्हता. शेंग्याच्या नाकाला मात्र आम्ही बागेत ताट वाढून ठेवलं होतं.

मग मला ती सुरळी आठवली. महाभारताच्या आदिपर्वात सुरुवातीलाच एक कुत्रं मार खातं. जनमेजयाच्या यज्ञात त्याचे भाऊ सरमेच्या पिल्लाला बडवतात. पिल्लू रडत आईकडे जातं आणि सांगतं, मी हविर्द्रव्याकडे पाहिलंही नाही, चाटलंही नाही. सरमा येऊन जाब विचारते. कुणी उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते, की ध्यानीमनी नसताना तुझ्यावर भय कोसळेल. आमच्या शेंग्यानं खणलं होतं, हे खरं. पण मी मारलं तेव्हा तो खड्ड्यात नव्हता, माझ्या पायाशी बसला होता. केलेलं काम आणि मिळालेला मार यांत वेळ गेला की कुत्र्याला दोन्हींचा संबंध लागत नाही. तो शिकला एवढंच, की ही अधूनमधून कारण नसताना मारते.

शेवटची गोष्ट मी बाबांना जेवताना सांगितली. १९१४मध्ये जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे खाणकामगारांना एक पुरुष आणि एक स्त्री यांचे सांगाडे सापडले, सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे. सोबत काही हाडं होती. ती कुत्र्याची आहेत हे ओळखायला १९७०चं दशक संपत आलं. २०१८मध्ये त्याच्या दातांवरून संशोधकांनी मांडलं, की या पिल्लाला डिस्टेंपर झाला होता, आणि माणसांनी शुश्रूषा केल्याशिवाय ते आठवडेच्या आठवडे तगलं नसतं. शिकारीला, राखणीला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. तरी कुणीतरी त्याला सांभाळलं आणि आपल्या माणसांशेजारी पुरलं.

बाबा म्हणाले, "आपल्याकडे इनामगावला घरातच पुरायचे ना?" शाळेच्या सहलीत त्यांनी ते ऐकलं होतं. शिरूरजवळच्या इनामगावात डेक्कन कॉलेजनं १९६८पासून उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची तिथली माणसं आपली मेलेली लेकरं दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायची आणि घराच्याच जमिनीखाली पुरायची. गेलेलं माणूस लांब जाऊ नये, हे वाटणं आजीच्याही आधीचं आहे.

ताट आवरताना बाबांनी विचारलं, "मग करायचं काय?"

शेजाऱ्यांनी मातीत तिखट टाकायला सुचवलं होतं. त्या नाकाचं काय होईल या विचारानं ते सोडून दिलं. रोपाभोवती कोंबडीची जाळी मातीखाली आडवी अंथरली, कडा आत वळवून, म्हणजे पंज्याला लागणार नाहीत. हाडांचा चुरा बंद. सकाळी अर्धा तास फिरणं, संध्याकाळी तेवढंच. आणि भिंतीलगत सावलीत चार बाय तीनचा वाळूचा खड्डा. त्यात त्याची खेळणी पुरायची. तिथे उकरलं की शाबासकी आणि खाऊ. दुसरीकडे उकरताना दिसला, तर न ओरडता उचलून वाळूत आणून सोडायचं. पहिले तीन आठवडे दिवसातून दहादा उचलला. जास्वंद गेलीच. गवती चहाही अर्धा गेला.

मुदत संपली त्या दिवशी मी काही बोलले नाही. बाबाही बोलले नाहीत. सकाळी चहा घेऊन मागे गेले तर ते वाळूपाशी उकिडवे बसून, शेंग्याला गुडघ्यानं मागे ढकलत, काहीतरी पुरत होते.

सोनचाफ्याला नवीन पानं आलीत. फुलाला अजून वेळ आहे.