आठवड्याचा शिधा

भोजनापूर्वी आभाराची प्रार्थना म्हणताना ताटातले अन्न आपण पाहतो. परंतु आठवडाभराचे अन्न एकत्र मांडून कधी पाहिले आहे काय?

अमेरिकन छायाचित्रकार पीटर मेन्झेल यांनी जगाला ते पाहावयास लावले. १९९४ साली त्यांच्या पुढाकाराने निघालेल्या एका ग्रंथात विविध देशांतील कुटुंबे घरातील चीजवस्तूंसह अंगणात उभी होती. २००५ साली पत्नी फेथ डॅलुइसिओ यांच्यासमवेत त्यांनी ‘हंग्री प्लॅनेट’ सिद्ध केला. त्यात २४ देशांतील ३० कुटुंबे आहेत आणि प्रत्येकापुढे त्यांचा आठवड्याचा शिधा, खर्चाच्या हिशेबासह.

जर्मनीतील चौघांचा खर्च ५०० डॉलर. पुढ्यात बाटल्या, डबे, वेष्टने यांची आरास. चाडमधील ब्रेजिंग छावणीत दारफूरहून आलेली निर्वासित माता व तिची पाच मुले. त्यांच्यापुढे मदत म्हणून मिळालेले ज्वारीचे पोते, थोडे डाळ-तेल. पदरचा खर्च अवघा सव्वा डॉलर.

छायाचित्रकार कोणालाही दोष देत नाही. जाहिरातीतील अन्न एकटेच झळकते. येथे त्यामागे खाणारी माणसे उभी आहेत. म्हणूनच ही चित्रे बोचतात.

टाकलेले अन्न म्हणजे गरिबाच्या ताटातून चोरलेले अन्न, अशा आशयाचे उद्गार पोप फ्रान्सिस यांनी ५ जून २०१३ रोजी काढले. पाच हजारांना तृप्त केल्यावर प्रभूनेही उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले होते. लग्नमांडवामागे फेकलेले अन्न आम्हीही पाहतो आणि आशीर्वाद देऊन मुकाट्याने निघतो. हे मौन आता आम्हांला सोसवत नाही.