दागिना, चोरी आणि दुरावलेले प्रेमिक : एका कथाबंधाचे विवेचन

१. विषय आणि त्याची मर्यादा

एक मोलाचा दागिना, त्याची चोरी किंवा चोरीचा आळ, आणि त्या निमित्ताने दुरावलेल्या दोघांची पुन्हा गाठ पडणे, हा कथाबंध फार जुना आहे. तो लोकप्रियही आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडे रंजनाची एक हमखास युक्ती म्हणून पाहिले जाते. या युक्तीमागे प्रेम आणि पुरावा यांच्या नात्याविषयी एक गंभीर विचार आहे, असे माझे मत आहे.

विवेचनासाठी तीन कृती घेतल्या आहेत : कालिदासाची ‘अभिज्ञानशाकुंतल’ आणि ‘विक्रमोर्वशीय’ ही दोन नाटके, आणि विल्की कॉलिन्स या इंग्रज लेखकाची ‘द मूनस्टोन’ ही १८६८ सालची कादंबरी. शाकुंतल मराठी वाचकाला परके नाही. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ते संगीत नाटक म्हणून उभे केले आणि तिथून मराठी संगीत रंगभूमीला बहर आला. ‘द मूनस्टोन’ चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात जानेवारी ते ऑगस्ट १८६८ या काळात क्रमशः छापली गेली. तिच्यातील हिरा मात्र हिंदुस्थानातला आहे.

माझे प्रतिपादन असे : दागिना प्रेमिकांना जोडत नाही. त्यांच्यामध्ये उभे राहिलेले अज्ञान तो दूर करतो. चोरी त्या दागिन्याला घराबाहेर काढून पुरावा बनवते. पुराव्याने दोषाचा निकाल लागतो. मीलन व्हायला मात्र पुराव्यापलीकडचा विश्वास लागतो.

२. दुराव्याचे कारण : विस्मरण

दोन प्रमुख कथांत दुरावा कशाने येतो ते आधी पाहू. शाकुंतलात दुर्वासाच्या शापामुळे दुष्यंत शकुंतलेला विसरतो. महाभारतातील मूळ आख्यानात शाप नाही आणि अंगठीही नाही. तिथे राजा तिला ओळखतो, पण लोकापवादाच्या भयाने नाकारतो आणि आकाशवाणी झाल्यावर स्वीकारतो. कालिदासाने शाप आणि अंगठी ही जोडी आणून राजाचा दोष त्याच्या जाणिवेबाहेर नेला.

‘मूनस्टोन’मध्ये शापाचे काम अफू करते. रेचल व्हेरिंडर हिला अठराव्या वाढदिवशी मामाच्या मृत्युपत्राने मोठा पिवळा हिरा मिळतो. तो तिच्यापर्यंत आणतो तिचा मावसभाऊ फ्रँकलिन ब्लेक. दोघांचे एकमेकांवर प्रेम आहे. त्या रात्री जेवणाच्या वेळी ब्लेक डॉक्टरी विद्येची टर उडवतो. त्याला धडा शिकवावा म्हणून पाहुणे आलेले डॉक्टर कँडी त्याला नकळत अफूचा अर्क देतात. हिऱ्याच्या काळजीने बेचैन झालेला ब्लेक त्या गुंगीत उठतो, रेचलच्या खोलीतून हिरा उचलतो, आणि सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही.

शाप दैवी, अफू भौतिक. एका कथेत ऋषीचा कोप आहे, दुसरीत वैद्याचा. रचना मात्र एकच : पुरुषाकडून अन्याय झाला आहे, आणि तो त्याला ठाऊक नाही. इथे क्षमा मागता येत नाही, कारण कशाची क्षमा मागायची हेच माहीत नसते. स्त्रीलाही जाब विचारता येत नाही. समोरचा माणूस प्रामाणिकपणे नाही म्हणतो आणि तो प्रामाणिकपणाच तिला अधिक दुखावतो. ही कोंडी संवादाने फुटत नाही. तिसरी वस्तू मध्ये यावी लागते.

३. चोरीचे कार्य

दुष्यंताने खूण म्हणून दिलेली शकुंतलेची अंगठी शक्रावतारातील शचीतीर्थाला वंदन करताना पाण्यात पडते. ती हरवली आहे, चोरीला गेलेली नाही. तरीही कालिदास चोरीचा आळ आणतो. सहाव्या अंकाच्या प्रवेशकात शिपाई एका कोळ्याला हात बांधून मारत आणतात. रोहू कापताना तिच्या पोटात अंगठी मिळाली, असे तो सांगतो. राजाचे नाव कोरलेली अंगठी कोळ्याकडे, यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. एका शिपायाचे हात तर त्याला वधाची माळ घालायला शिवशिवत असतात. राजा अंगठी पाहतो, त्याचे चित्त कालवते, आणि तो कोळ्याला अंगठीच्या मोलाइतके बक्षीस देतो. त्यातले अर्धे कोळी शिपायांना देऊन टाकतो आणि आताच मारणारे त्याच्यासह मद्याच्या दुकानाकडे निघतात.

हा प्रसंग केवळ विनोदासाठी आलेला नाही. आळ आला नसता तर कोळ्याने अंगठी विकून टाकली असती आणि ती राजाच्या नजरेला कधीच पडली नसती. आळामुळे ती दरबारात आली. नदीकाठची वस्तू सिंहासनापर्यंत पोचवणारी वाट फौजदारीची आहे.

‘विक्रमोर्वशीय’ हे सीमेवरचे उदाहरण. तिथे संगमनीय मणी चौथ्या अंकात वेल झालेल्या उर्वशीला पुरूरव्याशी पुन्हा जोडतो. हे मीलन मण्याच्या प्रभावाने होते. विश्वासाची कसोटी लागत नाही. पाचव्या अंकात गिधाड मांस समजून तो मणी पळवते आणि बाणाने मरते. बाणावर नाव असते आयूचे, राजाला ठाऊक नसलेल्या त्याच्याच मुलाचे. मणी परत येतो, पण राजाने मुलाचे तोंड पाहताच उर्वशीने स्वर्गात परतावे अशी अट असल्याने वियोगाचे भय उभे राहते. अखेर इंद्राचा निरोप घेऊन नारद येतो आणि ती राहते. चोरी सत्य उघड करते. ते सुखाचेच असेल याची हमी देत नाही, एवढे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

४. प्रमाणांचा प्रश्न

न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानते. ‘मूनस्टोन’मधील रेचलची शोकांतिका अशी की तिच्याकडे सर्वांत बळकट मानले जाणारे प्रमाण आहे. तिने स्वतःच्या डोळ्यांनी ब्लेकला हिरा उचलताना पाहिले आहे. हे ती कोणालाही सांगत नाही. झडतीसाठी कपाटाची किल्ली देत नाही, स्वतःवर संशय ओढवून घेते, ब्लेकशी बोलणे तोडते, आणि तो परदेशी निघून जातो.

दारावरच्या रंगाचा तपशील या संदर्भात पाहण्यासारखा आहे. रेचलच्या खोलीचे दार ब्लेक आणि ती मिळून रंगवीत होती. सकाळी ओल्या रंगावर कपडा घासल्याचा डाग दिसतो. स्थानिक पोलीस अधिकारी त्याला किरकोळ समजतो; स्कॉटलंड यार्डचा सार्जंट कफ त्यावरच सगळा तपास उभारतो. रंग लागलेला कपडा सापडला की चोर सापडला, हे त्याचे अनुमान अचूक आहे. वर्षभराने तो कपडा वाळूत पुरलेल्या पेटीतून निघतो, आणि त्यावर नाव असते खुद्द ब्लेकचे. म्हणजे प्रत्यक्ष खरे, अनुमानही खरे. आणि तरी दोन्हींवरून काढलेला निष्कर्ष खोटा. डोळे कृती पाहतात, हेतू पाहत नाहीत. ब्लेकने हिरा उचलला होता तो सुरक्षित ठेवण्यासाठी.

उलगडा होतो तो एझ्रा जेनिंग्ज या डॉक्टरच्या मदतनिसामुळे. तापात स्मृती गमावलेल्या कँडींची बडबड त्याने टिपून ठेवलेली असते. त्याच घरात पुन्हा अफू देऊन ती रात्र पुन्हा घडवून आणायचे ठरते. पण प्रयोगाआधीच, जेनिंग्जचे पत्र वाचूनच, रेचल कळवते की माझी खात्री पटली, माझ्यापुरती सिद्धतेची गरज नाही. प्रयोग जगासाठी उरतो. तिच्यासाठी विश्वासू माणसाचा शब्द पुरतो.

५. दागिना शेवटी कुठे जातो

शाकुंतलाच्या सातव्या अंकात दुष्यंत ती अंगठी शकुंतलेच्या बोटात घालू पाहतो. ती नकार देते : तिच्यावर माझा विश्वास नाही, आपणच ती वापरा. ज्या वस्तूमुळे पुनर्भेट घडली, तीच वस्तू ती नाकारते. कालिदासाची नायिका पहिल्या भेटीनंतर खुणेवर विसंबली होती. दुसऱ्या भेटीत ती माणसावर विसंबते.

‘मूनस्टोन’मधला हिराही जोडप्याला मिळत नाही. खरा लबाड निघतो गॉडफ्रे एबलव्हाइट, परोपकारी म्हणून नावाजलेला आणि रेचलशी लग्न ठरवून बसलेला. दुसऱ्याच्या विश्वस्त निधीचा अपहार झाकण्यासाठी त्याने तो हिरा गहाण टाकलेला असतो. शेवटी हिरा त्याच्या मागावर असलेल्या तीन ब्राह्मणांच्या हाती लागतो आणि सोमनाथला देवमूर्तीच्या कपाळी परततो. हे योग्यच आहे. कारण १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले तेव्हा रेचलच्या मामाने रखवालदारांना मारून तो लुटला होता. घराण्याचा वारसा म्हणून मिरवलेली वस्तू मुळात लुटीची होती. फ्रँकलिन आणि रेचल तिच्याशिवाय लग्न करतात, आणि सुखी होतात.

६. किंमत कोण मोजतो

या कथाबंधात एक अन्यायही दडलेला आहे. प्रेमिकांचे अज्ञान दूर होते, पण मार खातो कोळी. ‘मूनस्टोन’मध्ये रोझॅना स्पिअरमन ही मोलकरीण, पूर्वी चोरीची शिक्षा भोगून आलेली, ब्लेकवर मनोमन प्रेम करते. डागाचा कपडा तिला सापडतो, त्याला वाचवण्यासाठी ती तो लपवते, संशय स्वतःवर घेते आणि चोरवाळूत जीव देते. तिचे पत्र ब्लेकपर्यंत पोचायला वर्ष लागते. ज्याच्याकडे धन नाही त्याच्यावर संशय आधी येतो, ही समाजाची जुनी सवय दोन्ही लेखकांनी लपवलेली नाही. कोळी बक्षीस घेऊन सुटतो. रोझॅनाला तेही मिळत नाही.

७. निष्कर्ष

या विवेचनातून तीन गोष्टी हाती येतात. पहिली, या कथेत चोरी ही माहिती हलवणारी यंत्रणा आहे. ती नुसत्या उत्कंठेसाठी आली तर कथा पोकळ होते. दुसरी, पुरावा निर्दोष ठरवतो, पण जवळ आणतो तो विश्वास, आणि उत्तम कृतीत विश्वास पुराव्याच्या एक पाऊल पुढे असतो. तिसरी, दागिना शेवटी प्रेमिकांच्या हाती राहू नये. तो राहिला तर मीलन हे वसुलीसारखे वाटते.

या बेताची कथा वाचताना वाचकाने दोन प्रश्न जरूर विचारावेत : नायिकेने विश्वास पुराव्याआधी ठेवला की नंतर, आणि आळ कोणावर आला. ज्या कृतीजवळ दोन्हींची प्रामाणिक उत्तरे आहेत, तीच श्रेष्ठ.